एक होडी, एक शीड, एक माणूस

शर्यत हरली की जॉकी घोड्याला बोल लावतो. सामना गेला की कप्तान खेळपट्टीला. पण सगळ्यांच्या होड्या एकाच साच्याच्या आणि प्रत्येकीत माणूस एकटाच असेल, तर हरणाऱ्याने बोट दाखवावे कोणाकडे?

'फिन' ही अशीच होडी. स्वीडनच्या रिकार्ड सार्बीने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी तिचा आराखडा केला. लांबी साडेचार मीटर, शीड एकच. एका हाती सुकाणू, दुसऱ्या हाती शिडाचा दोर. वारा होडीला कलंडवू लागला, की पाय आतल्या पट्ट्यात अडकवून काठाबाहेर अंग झोकून द्यायचे. होडीचा तोल सांभाळतो तो खलाशाचा देहच! मांड्या भरून येतात, लाटा तोंडावर आदळतात. पण आत सरकले की वेग गेलाच.

डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉमने हे मर्म ओळखले. १९४८ साली, विसाव्या वर्षी, तो अशाच एकट्याने हाकायच्या 'फायरफ्लाय' होडीतून ऑलिंपिकमध्ये उतरला. पहिली फेरी त्याने अर्धवटच सोडली! तरीही पुढच्या फेऱ्यांत उणीव भरून काढून सुवर्णपदक त्यानेच नेले. अंग झोकण्याच्या सरावासाठी त्याने घरीच एक बाक तयार केला होता. १९५२, १९५६ आणि १९६० साली फिनमध्येही सुवर्णपदक त्याचेच. ओळीने चार ऑलिंपिकांत वैयक्तिक सुवर्णपदक जिंकणारा तो पहिलाच खेळाडू.

होड्या साऱ्यांच्या सारख्याच होत्या. बाकावर घालवलेले तास मात्र सारखे नव्हते.