दलित, बौद्ध, अक्करमाशी : आत्मकथनातील ‘मी’ आणि संज्ञांचे माप

शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) पदव्युत्तर वर्गात ‘दलित आत्मकथन’ या शीर्षकाखाली शिकविले जाते. त्यामुळे विद्यार्थी पुस्तकाआधी शीर्षकच वाचतो. ‘दलितांच्या व्यथेचे प्रभावी चित्रण’ हे उत्तरपत्रिकेतील वाक्य ‘बलुतं’ला लागते तसे येथेही लावले जाते. ते चूक नाही. परंतु त्यात लिंबाळे कोठे आहेत, हा प्रश्न उरतो.

तथापि संज्ञाच नकोत, ही भूमिका मराठवाड्यात तरी घेता येत नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला. त्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ते मातंग होते. ‘बौद्ध’ हा शब्द त्यांना सामावून घेत नाही आणि ‘मातंग’ हा शब्द त्यांच्या मृत्यूचे कारण सांगत नाही. त्यांना आणि नामांतरासाठी झगडणाऱ्या बौद्ध तरुणांना एकत्र आणणारा शब्द ‘दलित’ हाच होता. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरच्या जाहीरनाम्याने तर श्रमिक, भूमिहीन आणि स्त्रिया यांनाही या संज्ञेत स्थान दिले.

या व्यापकतेवर आक्षेप आला तो आतूनच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्म स्वीकारल्यावर पुन्हा दैन्यसूचक नाव कशासाठी, असा प्रश्न अनेकांनी विचारला. राजा ढाले यांचा या संज्ञेला असलेला विरोध सर्वश्रुत आहे. इकडे शासनदप्तरी ‘नवबौद्ध’ हा तिसराच शब्द रूढ झाला. केंद्राच्या यादीत बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले, आणि प्रमाणपत्रावर मूळ जात लिहिणे त्यानंतरही चुकले नाही. स्वेच्छेने घेतलेले नाव आणि सवलतीसाठी लागणारे नाव यांतील ही फारकत आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांतही असते.

लिंबाळे यांची गोष्ट याहून निराळी आहे. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा माशांचे ते हिणकस. सराफाच्या तराजूतील हा हिशेब माणसाच्या जन्माला लावला की ‘अक्करमाशी’ ही शिवी तयार होते. येथे आई महार आणि वडील सवर्ण पाटील. मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव लागणे हाच वादाचा विषय. सवलतीच्या अर्जावर सरपंचाची सही हवी, तर हा मुलगा कोणाचा म्हणून लिहावयाचा, येथून पेच सुरू होतो. आजी संतामायच्या घरात त्याला वाढविणारे, तो ज्यांना ‘दादा’ म्हणतो ते गृहस्थ मुसलमान आहेत. जात आईची, आडनाव बापाचे, माया दादांची, असा हा संसार.

‘दलित’ ही संज्ञा या मुलाच्या भुकेचे आणि अस्पृश्यतेचे स्पष्टीकरण करू शकते. महारवाड्यातही त्याला पूर्णपणे आपले मानले जात नाही, याचे स्पष्टीकरण तिच्यापाशी नाही. सामूहिक संज्ञेला आतला भेद दिसत नाही; किंबहुना तो न दिसणे हीच तिची राजकीय शक्ती असते. लेखकाने शीर्षकासाठी चळवळीचा शब्द न घेता शिवी घेतली, हा निर्णय मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. आपले नाव आपणच ठेवावे, हे स्वातंत्र्य त्याला शिवीवाटेच मिळाले, ही यातील खेदाची बाब. आपल्या समीक्षेने तिकडे फारसे लक्ष दिलेले नाही. ‘विद्रोह’ हा शब्द एकदा हाती आला की आपण तेथेच थांबतो.

टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागल्यावर निवेदक अहमदपूरला आणि पुढे लातूरला येतो. गावाने लावलेली शिवी या शहरात कोणाला ठाऊक नाही. वाचकाला वाटते, आता सुटला. परंतु भाड्याच्या घरासाठी दार वाजविताच आतून जात विचारली जाते. तेथे ‘अक्करमाशी’ निरुपयोगी आणि ‘दलित’ही निरुपयोगी, घरमालकाला हवे असते ते केवळ जातीचे नाव. ते सांगावे की लपवावे, एवढीच निवड निवेदकापाशी उरते.