मंगळाचं पंचांग कसं मांडायचं?

मंगळावर सूर्य एकदा डोक्यावर आला की पुन्हा डोक्यावर यायला २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंद लागतात. आपल्या दिवसाहून चाळीस मिनिटं जास्त. परग्रहासाठी कालगणना बसवायची, तर मंगळाइतकं सोपं आणि मंगळाइतकं चकवणारं उदाहरण दुसरं नाही. बुधावर एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत आपले १७६ दिवस जातात आणि तेवढ्यात बुधाची दोन वर्षं संपतात. तिथे सूर्य बघून झोपायचा-उठायचा प्रश्नच येत नाही. शुक्रावर हाच दिवस सुमारे ११७ दिवसांचा असतो आणि वर्ष २२५ दिवसांचं, म्हणजे वर्षात दोन दिवससुद्धा पुरते बसत नाहीत. अशा ठिकाणी पृथ्वीचं घड्याळ सोबत नेऊन तेच वापरायचं, एवढंच हाती उरतं. मंगळाचा दिवस मात्र आपल्याला अगदी झेपण्यासारखा वाटतो.

तो झेपतो का, हे माणसांनी करून पाहिलं आहे. २००४ च्या जानेवारीत स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी ही दोन रोव्हर मंगळावर उतरली, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतली मंडळी मंगळाच्या वेळेवर कामाला येऊ लागली. रोव्हर दिवसा काम करून संध्याकाळी माहिती पाठवणार, ती रात्रीतून वाचून सकाळच्या आत पुढचे आदेश तयार ठेवायचे. म्हणून पाळी रोज चाळीस मिनिटं पुढे सरकायची. आज सकाळी आठला आलेला माणूस नऊ दिवसांनी दुपारी दोनला येणार, आणखी नऊ दिवसांनी रात्री आठला. घड्याळाचा पुरता फेरा व्हायला सदतीस दिवस लागायचे. या लोकांसाठी जवळच्याच मॉन्ट्रोज गावातल्या एका घड्याळजीने खास मनगटी घड्याळं बनवली. यांत्रिक घड्याळाच्या आतल्या भागांना शिशाची बारीक वजनं लावून त्याने त्यांची चाल मंद केली आणि दिवसाला ३९ मिनिटं मागे पडणारं घड्याळ तयार झालं. २०१२ मध्ये क्युरिऑसिटी उतरल्यावर एका फ्लाइट डायरेक्टरच्या घरची सगळी माणसं, लहान मुलांसकट, महिनाभर मंगळाच्या वेळेने जगली. ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्यांना अॅल्युमिनियमचा कागद लावला होता. क्युरिऑसिटीच्या चमूने हे वेळापत्रक नव्वद मंगळ-दिवस पाळलं आणि मग पृथ्वीची वेळ धरली. ही मंडळी दमत होती याचं मुख्य कारण, माझ्या मते, डोक्यावरचा सूर्य कॅलिफोर्नियाचा होता आणि घड्याळ मंगळाचं. मंगळावरच राहणाऱ्या माणसाला निदान हा झगडा नसेल.

मंगळाच्या या दिवसाला ‘सोल’ म्हणतात. १९७६ च्या व्हायकिंग मोहिमांपासून ते नाव रुळलं. सोल म्हणजे मंगळाची स्वतःभोवतीची एक फेरी नव्हे, हे इथेच स्पष्ट करायला हवं. ताऱ्यांच्या संदर्भात पाहिलं तर मंगळ २४ तास ३७ मिनिटं २३ सेकंदांत एक फेरी पुरी करतो. पण तेवढ्या वेळात तो सूर्याभोवती थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून तोच सूर्य पुन्हा डोक्यावर यायला आणखी सव्वादोन मिनिटं फिरावं लागतं. पृथ्वीवर याच कारणाने नाक्षत्र दिवस सौर दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटांनी लहान असतो. रोजच्या व्यवहाराला सौर दिवसच लागतो, म्हणून सोल.

आता सोलचे तास पाडायचे. एक वाट अशी की आपले २४ तास जसेच्या तसे ठेवायचे आणि मध्यरात्री घड्याळ साडेएकोणचाळीस मिनिटं थांबवायचं. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या ‘रेड मार्स’ या कादंबरीतले मंगळवासी हेच करतात. ती रिकामी मिनिटं कोणाच्याच हिशेबात नसतात, ही कल्पना मला फार आवडते. पण त्या वेळात कोणी जन्मलं किंवा कुठे आग लागली, तर नोंदवहीत काय लिहायचं? दुसरी वाट म्हणजे सोलचे सरळ २४ समान भाग करायचे, तासाची ६० मिनिटं, मिनिटाचे ६० सेकंद. मग मंगळाचा प्रत्येक सेकंद आपल्या सेकंदापेक्षा २.७५ टक्के लांब होतो. नासाच्या मोहिमांनी ही वाट धरली. त्यामुळे दुपारचे बारा म्हणजे दुपार, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. यानाच्या आतलं घड्याळ मात्र आपलेच सेकंद मोजतं, कारण प्रकाशाचा वेग, रेडिओची वारंवारिता, इंजिन किती वेळ पेटवायचं, हे सगळं त्याच सेकंदात ठरलेलं आहे.

बारा वाजले, पण कुठले? पृथ्वीवर ग्रिनिच आहे. मंगळावर मर्टन डेव्हिस यांनी मरिनर ९ च्या छायाचित्रांतून अर्ध्या किलोमीटरचं एक विवर निवडलं. एअरी नावाच्या मोठ्या विवराच्या आत ते आहे, म्हणून त्याचं नाव ‘एअरी-०’. जॉर्ज एअरी हे ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख होते आणि पृथ्वीचं शून्य रेखावृत्तही मुळात त्यांच्याच दुर्बिणीवरून ठरलं, त्यामुळे हे नाव अगदी शोभून दिसतं. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक यान आपापल्या रेखांशाची स्थानिक वेळ पाळतं. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी ग्रहाच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना होती. एकीकडे दुपार तेव्हा दुसरीकडे मध्यरात्र, आणि एकाच इमारतीत दोन घड्याळांनी काम चाललेलं.

दिवस झाला, तास झाले. महिना कसा पाडायचा? आपल्याकडे अमावास्येपासून अमावास्येपर्यंत एक मास, हा हिशेब आकाशात उघड दिसतो. मंगळाला फोबोस आणि डिमोस असे दोन चंद्र आहेत, पण मासासाठी दोन्ही निरुपयोगी. फोबोस ७ तास ३९ मिनिटांत मंगळाभोवती फिरतो. ग्रह स्वतःभोवती फिरतो त्याहून हे जलद असल्यामुळे तो पश्चिमेला उगवतो, पूर्वेला मावळतो आणि साधारण अकरा तासांनी पुन्हा उगवतो. डिमोसला एका फेरीला सुमारे ३० तास लागतात. तो आकाशातून इतका हळू सरकतो की एकदा उगवल्यावर अडीच दिवसांहून अधिक काळ वरच राहतो. पौर्णिमा ते पौर्णिमा काही तासांत आटोपते. तिथी, पक्ष, अधिक मास, यांतलं काहीच मंगळावर लागू पडत नाही. उरतो तो सूर्य.

सूर्यावरून महिना मोजण्याची रीत आपल्या पंचांगात आहेच. संक्रांत म्हणजे सूर्याचा एका राशीतून दुसऱ्या राशीत प्रवेश, आणि दोन संक्रांतींमधला काळ म्हणजे सौर मास. मंगळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ नेमकं हेच करतात. मंगळाच्या उत्तर गोलार्धातल्या वसंत संपाताला सूर्याचा भोगांश शून्य धरायचा, उत्तरेत सर्वांत लांब दिवस असतो तेव्हा ९०, शरद संपाताला १८०, दक्षिणेत सर्वांत लांब दिवस असतो तेव्हा २७०. हवामानाच्या प्रारूपांसाठी ३० अंशांचा एक, असे बारा महिने पाडतात. आपण ज्याला सायन सौर मास म्हणू, तोच हा.

पण या बारा महिन्यांची लांबी पाहा. सर्वांत मोठा जवळजवळ ६७ सोलचा, सर्वांत लहान ४६ सोलचा. कारण कक्षेत आहे. मंगळ सूर्यापासून जवळात जवळ २०.७ कोटी किलोमीटरवर येतो आणि लांबात लांब २४.९ कोटी किलोमीटरवर जातो. जवळ असताना तो भरभर पळतो, लांब असताना रेंगाळतो. उत्तरेतला वसंत १९३ सोल चालतो आणि शरद जेमतेम १४३. आपल्याकडेही हा फरक आहे. सौर मिथुन मास सुमारे ३१.६ दिवसांचा, तर धनु मास २९.३ दिवसांचा असतो. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने राष्ट्रीय दिनदर्शिका बसवली, तीत वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आणि आश्विन ते फाल्गुन ३० दिवसांचे ठेवले, तेही याचसाठी. २२ मार्च १९५७ पासून ती लागू आहे. पृथ्वीवर दोन दिवसांनी मिटलेला हा वाद मंगळावर एकवीस सोलपर्यंत ताणला जातो.

भोगांशाची मोजणी किती उपयोगाची आहे, हे धुळीच्या वादळांवरून कळतं. मरिनर ९ नोव्हेंबर १९७१ मध्ये मंगळाभोवती पोचलं तेव्हा सगळा ग्रह धुळीखाली झाकलेला होता. ते वादळ सप्टेंबरच्या अखेरीला उठलं होतं. २००७ चं मोठं वादळ जूनच्या अखेरीला सुरू झालं. पृथ्वीच्या तारखा पाहिल्या तर सप्टेंबर आणि जून यांत काही नातं दिसत नाही. भोगांश पाहिला तर दोन्ही २६० अंशांच्या आसपास. मंगळ २५१ अंशांना सूर्याच्या सर्वांत जवळ असतो आणि तेव्हा त्याच्यावर दूर असतानापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त ऊन पडतं. वादळांचा मोसम त्याच्या आगेमागे येतो. ऑपॉर्च्युनिटीचा शेवटचा संदेश १० जून २०१८ रोजी आला, तेव्हाचा भोगांश सुमारे १९० होता आणि मोसम नुकता लागला होता.

माणसांना मात्र पगार, भाडं आणि सुट्ट्या सारख्या लांबीच्या महिन्यांनी लागतात. त्यासाठी थॉमस गँगेल यांनी १९८५ मध्ये एक दिनदर्शिका तयार केली आणि आपल्या डेरियस या मुलावरून तिला ‘डेरियन’ नाव दिलं. वर्ष ६६८ सोलचं. त्याचे बारा भाग केले तर महिना छप्पन्न सोलचा होईल, म्हणून त्यांनी चोवीस केले. वर्षाच्या प्रत्येक पावात पाच महिने २८ सोलचे आणि सहावा २७ चा, म्हणजे १६७. चार वेळा १६७ म्हणजे ६६८. महिन्यांची नावं राशींची आहेत, एक लॅटिन आणि एक संस्कृत, अशा जोड्यांनी: सॅजिटेरियस, धनुस्, कॅप्रिकॉर्नस, मकर, अॅक्वेरियस, कुंभ. या कॅलेंडरात शरद संपात मिथुन महिन्याच्या दहाव्या सोलच्या आसपास येतो. हे वाक्य मराठीत लिहिताना परग्रहाचं काही लिहितो आहोत असं वाटतच नाही.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. दर महिन्याची सुरुवात आठवड्याच्या पहिल्याच वाराने व्हावी, म्हणून गँगेल २७ सोलच्या महिन्यात शेवटचा वार गाळतात. तारखेवरून वार ताबडतोब सांगता येतो, हे खरं. पण वार हे पंचांगाच्या पाच अंगांपैकी एक आहे. तिथीचा क्षय होतो, महिना अधिक येतो, वाराचा क्रम मात्र कधी तुटत नाही. उपास, बाजार, प्रार्थना, सगळं त्या अखंड सातावर चालतं, आणि असं मानणारे आपण एकटे नाही.

वर्षाचा हिशेब अजून राहिला. मंगळाचं वर्ष वसंत संपात ते वसंत संपात ६६८.५९०७ सोलचं आहे. म्हणजे ६६८ सोलचं वर्ष धरलं तर दहा वर्षांत जवळजवळ सहा सोल मागे राहतात. म्हणून सगळी विषम वर्षं ६६९ सोलची आणि दहाने भाग जाणारी वर्षंही ६६९ ची, असा नियम केला. दहात सहा लीप वर्षं झाली, सरासरी ६६८.६. हे किंचित जास्त होतं, शंभर वर्षांत साधारण एका सोलएवढं. मग शंभराने भाग जाणारी वर्षं लीप धरायची नाहीत, सरासरी ६६८.५९. आता किंचित कमी पडतं, म्हणून हजाराने भाग जाणारी पुन्हा लीप धरायची, आणि आकडा ६६८.५९१ वर येतो. मंगळावर लीप नसलेलं वर्षच अल्पसंख्य.

मोजणी कुठून सुरू करायची, यावर मतं वेगळी आहेत. गँगेल यांनी पुढे १६०९ हे साल शून्य धरलं. त्या वर्षी गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळवली आणि केप्लरने मंगळाच्याच वेधांवरून ग्रहांची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं प्रसिद्ध केलं. महिने लहानमोठे करणारी कक्षा ती हीच. शास्त्रज्ञांचं मंगळवर्ष १ मात्र ११ एप्रिल १९५५ ला सुरू होतं, त्यामुळे १९५६ चं गाजलेलं धूळवादळ पहिल्याच वर्षात येतं. १२ नोव्हेंबर २०२४ ला ३८ वं वर्ष लागलं. याशिवाय २९ डिसेंबर १८७३ पासून सलग सोल मोजणारा एक आकडाही वापरात आहे. आपल्या ज्योतिर्गणितातला अहर्गण जे काम करतो, तेच काम तो करतो: दोन घटनांमधलं अंतर काढायला वर्ष-महिन्यांत शिरावं लागत नाही, वजाबाकी पुरते.

इतकं सगळं बसवल्यावरही दोन ग्रहांची घड्याळं सारखी चालत नाहीत, आणि याचा दोष घड्याळाकडे नाही. गुरुत्व कमी असलेल्या ठिकाणी वेळ किंचित वेगाने पुढे जातो. अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या गणितानुसार मंगळावरचं अणुघड्याळ पृथ्वीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सरासरी ४७७ मायक्रोसेकंद पुढे जातं, आणि कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे हा आकडाही वर्षभर कमीजास्त होत राहतो. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, म्हणजे जीपीएससारखी व्यवस्था मंगळाभोवती उभारताना ही चूक एका दिवसातच शंभर किलोमीटरच्या पुढे जाईल. चंद्रासाठी हेच काम आता हाती घेतलं गेलं आहे. तिथे फरक दिवसाला छप्पन्न-सत्तावन्न मायक्रोसेकंदांचा आहे, आणि चंद्राची प्रमाणवेळ २०२६ च्या अखेरीपर्यंत ठरवावी, असं अमेरिकी सरकारने एप्रिल २०२४ मध्ये नासाला सांगितलं.