गोंद उरला, रंग वाचला

कर्जत तालुक्यात जुनी मोटारसायकल घरी आली की पहिलं काम ठरलेलं: आधीच्या मालकाच्या खुणा काढायच्या. टाकीवर राशीनच्या जगदंबेचं किंवा सिद्धटेकच्या गणपतीचं स्टिकर असतं, मडगार्डवर कुणाचं तरी नाव, शिवाय कंपनीचं प्लास्टिकचं बोधचिन्ह. मग नख घालून ओढाओढी सुरू होते आणि तिथेच रंगाचा घात होतो.

स्टिकरमागचा गोंद कधी सुकतच नाही. लाकूड जोडायचा पांढरा गोंद पाणी उडालं की कडक होतो. हा वर्षानुवर्षं मऊ राहतो. दाबला की रंगाच्या सूक्ष्म खाचांत हळूहळू वाहत जातो, झटका दिला की रबरासारखा तटून बसतो. जितक्या वेगानं ओढाल तितका त्याचा विरोध वाढतो आणि तो सगळा ताण खालच्या रंगावर येतो. कारखान्यातल्या रंगाचे सारे थर मिळून जाडी असते जेमतेम एक दशांश मिलिमीटर. गॅरेजमध्ये नंतर मारलेला रंग तर खालच्या थराला तेवढा घट्ट धरून नसतो. त्याचे पापुद्रेच निघतात.

हे दुखणं जुनं आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारींची टूम होती. रंगाऱ्यांनी झाकण म्हणून लावलेल्या पट्ट्या काढताना ताजा रंगही निघून यायचा. ते पाहून ‘थ्रीएम’मधल्या रिचर्ड ड्रूनं १९२५मध्ये मास्किंग टेप तयार केली: धरून ठेवेल, पण सोडूनही देईल अशी.

आपल्या गोंदाला सोडायला लावते ती ऊब. उष्णतेनं त्याचे लांबलचक रेणू एकमेकांवरून सहज सरकू लागतात. कर्जतचं मे महिन्यातलं ऊन हे काम फुकट करतं. एरवी गरम पाण्यात पिळलेलं फडकं पुरतं. खाली पेट्रोल आहे, त्यामुळे टाकीजवळ ज्योत किंवा हीटगन अजिबात नको. आधी धुरळा धुऊन काढा, नाहीतर मातीचे कणच रंगावर ओरखडे पाडतील. मग स्टिकरचं टोक उलटं दुमडून सावकाश ओढा. बोधचिन्हामागे बहुधा फोमची दुहेरी टेप असते; तिच्यातून तंगूस करवतीसारखी मागेपुढे फिरवली की फोम मधोमध कापला जातो. मात्र काही चिन्हं स्क्रूनं बसवलेली असतात, ते आधी पाहावं.

आता रंगावर चिकट थर उरतो आणि लोक हळहळतात. खरं तर तो थर ही चांगली खूण आहे. तुटायचं ते गोंदाच्या पोटात तुटलं, रंगात नाही. ताज्या गोंदावर अंगठा घासला तर त्याच्या गोळ्या होऊन निघतात, कारण गोंद गोंदालाच चांगला चिकटतो. जुन्याला खोबरेल किंवा रॉकेल लावून थोडा वेळ मुरू द्यावं. तेल आत शिरतं, गोंद फुगतो आणि पकड सोडतो. नंतर साबणाच्या पाण्यानं धुवावं.

थिनरला मात्र हात लावू नये. कारखान्यातला रंग भट्टीत भाजून त्याच्या रेणूंचं जाळं विणलेलं असतं, तो काही काळ टिकेल. पण गॅरेजचा साधा लॅकर थिनरमध्येच विरघळवून मारलेला असतो, तो पुन्हा विरघळतो. कुठलंही द्रावण आधी सीटखाली झाकल्या जागी लावून बघावं.

यानंतरही चिन्हाची आकृती दिसत राहिली, तर ती गोंदाची नव्हे. झाकलेला रंग मूळचाच राहिला आणि भोवतालचा अतिनील किरणांनी विटला. पॉलिशनं वरचा निस्तेज थर निघून फरक थोडा कमी होतो. खोलवर विटलेला रंग मात्र पॉलिशनं परत येत नाही.