मूल बदलले आहे, की आजारी आहे?



काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक हुशार मुलगा शिकत होता. अकरावीत तो एकाएकी मागे पडला. तो मित्रांत बसेना, वह्या कोऱ्या ठेवू लागला, सगळे आपल्याबद्दलच बोलतात असे म्हणू लागला. आम्ही त्याला आळशी ठरवले. घरच्यांना वाटले, बाहेरचे काही लागले असेल. ते त्याला गावी भगताकडे घेऊन गेले. डॉक्टरांपर्यंत पोहोचायला वर्ष गेले. तो आजार होता व आम्ही तो ओळखला नाही, याची खंत आजही आहे. म्हणून हा लेख.

वयात येताना मुले चिडतात, उलट बोलतात, काही गोष्टी लपवतात. हे स्वाभाविक आहे. परंतु पुष्कळ मानसिक आजारांची सुरुवात याच वयात होते. स्किझोफ्रेनिया हा गंभीर आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत दिसू लागतो. पुढील खुणांकडे लक्ष द्यावे :

१) झोप व भूक फार कमी किंवा फार जास्त होणे.
२) मित्र, खेळ, आवडीच्या गोष्टी सोडून एकटे राहणे.
३) अभ्यासात अचानक घसरण, लक्ष न लागणे.
४) आंघोळ, कपडे, स्वच्छता यांची पर्वा न उरणे.
५) विनाकारण संशय, भीती किंवा असंबद्ध बोलणे.

एखादी खूण म्हणजे आजार नव्हे. पण अशा दोन-तीन खुणा दोन आठवडे टिकल्या तर डॉक्टरांना दाखवावे. नसलेले आवाज ऐकू येणे, स्वतःला इजा करणे किंवा मरणाची भाषा, यांपैकी काही आढळल्यास त्याच दिवशी जावे व मुलाला एकटे सोडू नये.

हा कोणाच्या संस्कारांचा दोष नाही. अनुवंश, मेंदूतील बदल व ताण अशी अनेक कारणे एकत्र येतात. गांजासारख्या व्यसनाने धोका वाढतो. उपचार जितके लवकर, तितकी सुधारणा चांगली.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे खानदेशातून सुरतेत आली. त्याच धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाचा अनुभव त्यांनी लपवला नाही. उलट पुण्यात या रुग्णांच्या कुटुंबांसाठी संस्था उभारली. याच आजारावरील 'देवराई' हा २००४ चा मराठी चित्रपट पालकांनी जरूर पाहावा.

सुरतेत नवीन सिव्हिल हॉस्पिटल व स्मीमेर येथे मानसोपचार विभाग आहेत. सरकारची 'टेली मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते.

विद्यार्थी मित्रांनो, मित्राने मरणाची गोष्ट काढली तर ती गुपित ठेवू नका. मोठ्यांना सांगणे ही चुगली नव्हे. पालकहो, ताप आला तर आपण लाजत नाही, मग इथे का लाजावे? विश्वस्तांना विनंती की, आठवड्यातून दोन दिवस तरी शाळेत समुपदेशक बसावा. आणि आम्ही शिक्षक, यापुढे 'आळशी' हा शब्द उच्चारण्यापूर्वी मुलाला जवळ बसवून विचारू, "बेटा, झोप येते का रे?"