पिझ्झाची भट्टी: आधी पाणी बाहेर, मग उष्णता आत

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली अडखळ आणि पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग ढोकीहून आलेल्या एका प्रश्नावर आहे. ढोकी म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा साखर कारखान्याचं ढोकी. तिथल्या एका श्रोत्याने शेतातल्या घरापुढे विटांची घुमटाची पिझ्झा भट्टी बांधली आहे. घुमट उभा राहिलाय, माल अजून ओला आहे आणि घरातली पोरं म्हणताहेत, येत्या रविवारीच पिझ्झा करू. त्यांनी विचारलंय: "भट्टीला किती दिवस पाणी मारायचं? आणि वरून जाड गिलावा केला की उष्णता टिकेल ना?"

दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. घर बांधताना आपण जे शिकलो त्यातूनच ते आलेत. पण भट्टीचं शास्त्र घराच्या उलटं चालतं, आणि इथे घराचा नियम लावला तर महिनाभराची मेहनत, विटांचे पैसे आणि मिस्त्रींची मजुरी एका संध्याकाळी तडकू शकते. म्हणून आज नीट समजून घेऊ.

पाणी मारायचं की सुकवायचं?

सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं, कारण सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते. म्हणून स्लॅबवर आळी करून आपण पाणी साठवतो. पण फायर क्ले, म्हणजे भट्टीच्या विटांची माती, तशी घट्ट होत नाही. ती आधी सुकून आणि मग भाजून पक्की होते. नुसती फायर क्ले आणि वाळू वापरली असेल तर पाणी मारायचंच नाही. पोतं किंवा ताडपत्री बांधून सावलीत सुकू द्यायचं.

मालात सिमेंट आणि चुना मिसळला असेल, जसं घरगुती भट्टीत बरेच जण करतात, तर आठवडाभर ओलं पोतं टाकून ठेवा. बाजारातला तयार उष्णतारोधक सिमेंटचा माल असेल तर त्याला साधारण पहिले २४ तासच ओलावा लागतो, पोत्यावरची सूचना वाचा. त्यानंतर मात्र पाणी बंद. इथून पुढे सगळं काम पाणी बाहेर काढण्याचं.

आणि पाणी किती असतं बघा. मिस्त्री वीट भिजवूनच लावतात. साधारण तीन किलोची लाल वीट अर्ध्या लिटरपर्यंत पाणी पिऊ शकते. घुमटात दीडशे विटा धरल्या, प्रत्येकीत थोडं कमी पाणी धरलं, तरी पन्नास-साठ लिटर झालं. म्हणजे चार-पाच घागरी पाणी त्या घुमटात बसलंय! शिवाय मालातलं वेगळं.

आता या भट्टीत भडका केला की काय होतं? एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे-सतराशे लिटर जागा मागते. विटेच्या बारीक छिद्रांतून ती सावकाश निघू शकते, पण एकदम झाली तर वाट पुरत नाही. मग विटेचे ढलपे उडतात, सांधे उघडतात, कधी घुमटाला आरपार भेग जाते. ढलपा तोंडासमोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यात जाऊ शकतो, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट ताणाची. आतली बाजू ३०० अंशांवर आणि बाहेरची हाताला गार, अशी स्थिती झाली की आतली वीट फुगते आणि बाहेरची तिला धरून ठेवते. तडा तिथेच जातो. वाळूतल्या गारगोटीचा तर आणखी एक स्वभाव आहे. ५७३ अंश सेल्सिअसला ती एकाएकी फुगते. म्हणून पूर्ण सुकलेल्या भट्टीलासुद्धा वरच्या तापमानाला घाईने नेऊ नये.

कारखाना काय करतो?

ढोकीच्या माणसाला हे समजावायला लांबचं उदाहरण नको. साखर कारखान्यांत गळीत हंगामाच्या आधी, बऱ्याचदा दसऱ्याच्या सुमारास, बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम होतो. पूजा होते, मान्यवर येतात, फोटो छापून येतात. पण मोळी मात्र त्याच दिवशी टाकत नाहीत, मध्ये काही दिवस जातात. त्यात तांत्रिक शहाणपणही आहे. बंद हंगामात बॉयलरच्या विटांची दुरुस्ती झालेली असते, तिच्यातला ओलावा मंद आगीवर जायला हवा आणि लोखंडालाही हळूहळू तापायला वेळ हवा. एवढा मोठा बॉयलर जर सावकाश तापवतात, तर आपल्या अंगणातल्या भट्टीला घाई कशाला?

सात दिवसांचं वेळापत्रक

घुमट बांधून झाला की आधी किमान एक ते दोन आठवडे नुसता हवेवर सुकू द्या. मग रोज पाच-सहा तास आग, आणि रात्री भट्टी आपोआप गार होऊ द्यायची. पाणी टाकून विझवायचं नाही.

पहिला आणि दुसरा दिवस: १०० अंशांच्या आत. मधोमध दोन-चार गोवऱ्या किंवा थोडे निखारे. ज्योत नको.
तिसरा दिवस: १५० अंशांच्या आसपास.
चौथा दिवस: २००.
पाचवा दिवस: २५०.
सहावा दिवस: ३००.
सातवा दिवस: ३५०, आणि सगळं ठीक दिसलं तर त्याच्या थोडं वर.

मध्ये कुठे बाहेरून ओल फुटलेली दिसली, तर दुसऱ्या दिवशी तापमान वाढवू नका, तेच पुन्हा करा. भट्टीला कॅलेंडर कळत नाही.

जळणाबद्दल एक सांगतो. आपल्याकडे तुराट्या आणि पऱ्हाट्या भरपूर असतात, पण सुकवण्याच्या दिवसांत त्या बाजूला ठेवा. त्या भडकन पेटतात, ज्योत थेट घुमटाच्या माथ्याला लागते आणि पाच मिनिटांत शंभर अंशांची उडी होते. सुरुवातीला गोवऱ्या, लाकडी कोळसा, मग वाळलेल्या बाभळीच्या बारीक फाट्या. रंग दिलेलं किंवा प्लायचं लाकूड कधीच नको, त्याचा धूर विषारी असतो. आणि भट्टी बंद शेडमध्ये असेल तर आधी हवा खेळती करा. कोळशाच्या मंद आगीचा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना वास येतो.

तापमान मोजायचं कशाने? कोविडच्या काळात घरोघरी आलेली कपाळावर धरायची बंदूक इथे उपयोगाची नाही, ती तापापुरतीच मोजते. कारखान्यात वापरतात तशी ५०० अंशांच्या पुढे मोजणारी घ्या. ओल तपासायला साधी युक्ती: सकाळी मंद आग असताना भट्टीच्या तोंडाच्या वरच्या कडेशी गार आरसा क्षणभर धरा. त्यावर वाफ धरली तर पाणी अजून निघतंय. जळणातूनही थोडी वाफ येते, म्हणून ही चाचणी निखाऱ्यांवर करा, ज्योतीवर नको.

केसासारख्या भेगा पडतीलच, त्यांना घाबरू नका. पण नाण्याची कड आत जाईल एवढी फट असेल तर भट्टी पूर्ण गार झाल्यावर फायर क्लेच्या मालाने भरा आणि पुन्हा मंद आगीपासून सुरुवात करा.

जाड गिलाव्याने उष्णता टिकते का?

आता दुसरा प्रश्न. इथे दोन कामं वेगळी करायला हवीत: उष्णता साठवणं आणि उष्णता अडवणं. जड वीट साठवते. अडवण्याचं काम मात्र अडकलेली, न हलणारी हवा करते. जाड गिलावा म्हणजे आणखी एक जड थर. तो उष्णता पितो आणि बाहेर सोडतो. मग लाकूड दुप्पट जळतं, भट्टी तापायला जास्त वेळ लागतो आणि बाहेरून हात लावला तर चटका बसतो.

अडवणं म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना चांगलं ठाऊक होतं. रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकले की सकाळी फुंकर घालून विस्तव मिळायचा. राखेच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते, तीच निखाऱ्याची ऊब धरून ठेवते.

आणखी एक उदाहरण ढोकीच्या शेजारचं, तेरचं. तेर म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात आलेलं तगर. तिथलं त्रिविक्रम मंदिर विटांचं आहे, आणि तेरच्या जुन्या विटांपैकी काही इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात. वीट तरंगते याचा अर्थ तिच्यात मातीपेक्षा पोकळी जास्त. मातीत तूस-भुसा मिसळून वीट भाजली की तूस जळून जातं आणि त्याच्या जागी हवेची छिद्रं राहतात. आजची उष्णता अडवणारी हलकी भट्टीवीट याच तत्त्वावर चालते. त्या श्रोत्याला मी म्हणेन, तेरचं संग्रहालय तर बघाच, आणि वीट हातात घेताना वजनाचा विचार करा. आत जड वीट, बाहेर हलका थर.

"मग आपल्या माळवदावर मातीचा जाड थर असायचा, घर गार राहायचं, ते कसं?" असं कुणी विचारेल. बरोबर आहे, पुरेशी जाड माती अडवतेही. पण त्यासाठी लागणारं वजन किती घातक ठरू शकतं, ते लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांनी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भोगलंय. भट्टी उंच दगडी ओट्यावर असेल तर वजन कमी ठेवणं हे सुरक्षिततेचंही काम आहे. त्यात काळ्या मातीची जमीन पावसात फुगते, उन्हात आकसते. पाया मुरमापर्यंत न्या.

गोव्यातल्या पोदेराची भट्टी जाड आणि जड असते, तिचं कसं चालतं? ती रोज पेटते. काल साठवलेली उष्णता आज कामाला येते. इटालियनमधला 'फोर्नो' आणि गोव्यातला 'फोर्न' हे शब्दही एकाच कुळातले. पण तुमची भट्टी आठवड्यातून एकदा पेटणार. तिला दर वेळी शून्यापासून तापायचंय, म्हणून तिला आवरण जास्त गरजेचं.

आवरण कसं करायचं?

सुरुवात खालून. तळाच्या विटांखाली थेट काँक्रीट स्लॅब असेल तर तो उष्णता ओढून घेतो. वरून पिझ्झा करपतो, खालून कच्चा राहतो. म्हणून स्लॅब आणि तळाच्या विटा यांच्यामध्ये दहा सेंटिमीटरचा हलका थर हवा: एक भाग सिमेंट आणि सहा-सात भाग वर्मिक्युलाईट, हलकं कालवून, दाबून न कुटता. वर्मिक्युलाईट रोपवाटिकेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. घुमट आधीच बांधला असेल आणि खाली हा थर नसेल, तर तळाच्या विटा कोरड्या मांडलेल्या आहेत का ते बघा. तशा असतील तर उचलून जागा करता येते.

घुमटावर सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट, २५ मिलिमीटरचे दोन किंवा तीन थर. कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात. त्याचे तंतू श्वासात जाऊ नयेत, पोरांना लांब ठेवा, आणि ते कधीही उघडं ठेवू नका. छताला वापरतात ती काचेची लोकर इथे नको, तिच्यातला चिकट पदार्थ एवढ्या उष्णतेत जळतो. थर्माकोलचं तर नावच काढू नका.

कारखान्याच्या परिसरात बगॅसची राख मिळते. ती पूर्ण जळलेली, चाळलेली आणि कोरडी असेल तर घुमट आणि बाहेरची भिंत यांच्यामधल्या पोकळीत भरता येते. अट एकच: तिला पाणी लागता कामा नये. ओली राख ओल्या पोत्यासारखी, काही अडवत नाही.

क्रम लक्षात ठेवा. ब्लँकेट सुकवण्याच्या आगीआधी नुसतं पांघरा, तारेच्या जाळीने धरा. त्याने आत-बाहेरच्या तापमानातला फरक कमी होतो, आणि वाफ त्यातून निघून जाते. गिलावा मात्र सात दिवसांनंतर. आधी केला तर पाणी आत कोंडतं. गिलाव्यातही पाणी असतंच, तेव्हा तो आठवडाभर सुकला की पुन्हा दोन-तीन मंद आगी करा, आणि माथ्यावर वाफेसाठी एक लहान नळी ठेवा, तिला टोपी घाला.

झाली का तयार?

भट्टी स्वतः सांगते. आधी घुमट आतून काजळीने काळा होतो, आणि पुरेसा तापला की काजळी जळून माथा पांढरा पडतो. युरोपीय संघाच्या २०१० च्या नियमांत नेपल्सच्या पिझ्झासाठी ४८५ अंश आणि ६० ते ९० सेकंद असं म्हटलंय. घरी तळ ४०० च्या आसपास असला तरी उत्तम पिझ्झा होतो.

आणि आवरण नीट जमलं तर खरी मजा दुसऱ्या दिवशी. निखारे काढा, तोंडाला दार लावा. पिझ्झाच्या उरलेल्या उष्णतेत रात्रभर मटणाची हंडी शिजते, सकाळी पाव होतात, दुपारी वांगी आणि शेंगा भाजतात. एका मोळीत दोन दिवसांचा स्वयंपाक!

पावसाळ्यात भट्टी झाकून ठेवा, आणि पावसाळ्यानंतर पहिली आग पुन्हा मंदच. दसऱ्याला कारखान्याचा बॉयलर पेटला की आपलीही भट्टी पेटवायची, असं ठरवून टाका, विसरणार नाही.

तर ढोकीकर, येत्या रविवारी पिझ्झा तव्यावरच करा. भट्टीतला पुढच्या महिन्यात. पोरांना रोजच्या मंद आगीवर नजर ठेवायला बसवा, आणि शेंगा तेवढ्या भाजू द्या. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!