रानमेव्याच्या घरगुती व्यवसायाला हवे नोंदणीचे बळ

चंद्रपूर, प्रतिनिधी - फाल्गुन-चैत्रात चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील वनालगतच्या गावांत अंगणोअंगणी मोहफुले वाळत घातलेली असतात. ही फुले पोत्यात भरून व्यापाऱ्याला विकली, तर वेचणाऱ्यांच्या हाती कच्च्या मालाचाच भाव पडतो. केंद्र सरकारने वाळलेल्या मोहफुलांची किमान आधारभूत किंमत २०२० मध्ये किलोमागे १७ रुपयांवरून ३० रुपये केली, तरीही तो भाव कच्च्या मालाचाच. त्याच फुलांचे लाडू करून, आवळ्याची कँडी किंवा जांभळाचे सरबत करून विकले, तर नफ्याचा मोठा वाटा गावातच राहू शकतो. मात्र हा माल आठवडी बाजाराच्या पलीकडे शहरातील दुकानांपर्यंत न्यायचा, तर चव पुरेशी नाही. त्यामागे कागदाचे बळ लागते, आणि ते मिळविणे वाटते तितके अवघड नाही.

घरच्या स्वयंपाकघरालाही कायदा लागू

अमेरिकेतील अनेक राज्यांत घरगुती खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र, सवलतीचे नियम आहेत. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ हाच मोठ्या कारखान्याला आणि घरातल्या चुलीलाही लागू होतो. व्यवसाय नफ्यासाठी आहे की नाही, याने फरक पडत नाही. छोट्या व्यावसायिकांना या कायद्याने परवान्यातून सूट दिली आहे. त्यांनी केवळ नोंदणी करावयाची असते. ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झालेल्या विनियमांत या नोंदणीसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये आणि शुल्क वर्षाला १०० रुपये ठरविण्यात आले होते. अशा मर्यादा व शुल्कात वेळोवेळी बदल होतात. त्यामुळे अर्ज करताना संकेतस्थळावर दिसणारा आकडाच प्रमाण मानावा.

अर्ज कसा करावा?

केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 'फॉसकॉस' या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो. छायाचित्र, ओळखपत्र, जागेचा पत्ता आणि पदार्थांची माहिती एवढ्यावर प्राथमिक काम भागते. अडचण आल्यास जिल्ह्यातील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चौकशी करावी. २०११ च्या विनियमांनुसार अर्जावर सात दिवसांत नोंदणी देणे, कारण नमूद करून ती नाकारणे किंवा तपासणीची सूचना देणे अपेक्षित आहे. नोंदणी झाल्यावर १४ अंकी क्रमांक मिळतो.

नोंदणी व्यक्तीइतकीच जागेशीही बांधलेली असते, हे महिला बचत गटांनी ध्यानात ठेवावे. चार सदस्यांच्या चार घरी लाडू वळले जात असतील, तर एकीच्या नोंदणीवर चौघींचे काम भागत नाही. त्यापेक्षा सर्वांना सोयीची एकच जागा निवडून तिथे काम करणे शहाणपणाचे ठरते. जागा स्वच्छ परिसरात असावी, पाणी पिण्यायोग्यच वापरावे, प्रकाश व हवा पुरेशी असावी, हाताळणाऱ्यांची नखे कापलेली असावीत आणि कामाच्या ठिकाणी तंबाखू व थुंकणे वर्ज्य असावे, अशा साध्या अटी आहेत.

वेष्टनावर काय हवे?

बंद पाकिटावर पदार्थाचे नाव, घटकांची उतरत्या प्रमाणातील यादी, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, उत्पादनाची व वापरण्याच्या मुदतीची तारीख, उत्पादकाचे नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक आणि शाकाहारी पदार्थासाठी हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका आवश्यक असतो. ही माहिती इंग्रजी किंवा हिंदीत हवी; मराठी मजकूर त्याच्या जोडीला देता येतो, मात्र केवळ मराठी मजकूर पुरेसा ठरत नाही. कमाल किरकोळ किंमत आणि वजनकाट्याची पडताळणी हा वैधमापन शास्त्र विभागाचा विषय आहे. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळून देण्यासही २०१८ च्या विनियमांनी मनाई केली आहे. छपाईची शाई पोटात जाऊ नये, हा त्यामागील हेतू.

रानातून घरापर्यंतचा कागद

इतर जिल्ह्यांतील पापड-लोणच्यांच्या उद्योगाला जो प्रश्न पडत नाही, तो येथे पडतो: कच्चा माल आला कुठून? वनहक्क कायदा, २००६ ने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना दिला. २०१२ च्या सुधारित नियमांनी त्यात प्रक्रिया, साठवणूक, मूल्यवर्धन आणि वाहतूक यांचाही स्पष्ट समावेश केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाना पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आले. अशा गावांत वनोपजाच्या वाहतुकीसाठी ग्रामसभेचा कागद सोबत ठेवणे हिताचे ठरते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातून मात्र वनोपज आणता येत नाही.

मोहाची गोष्ट आणखी नाजूक आहे. दारूशी असलेल्या नात्यामुळे या फुलांवर दारूबंदी कायद्याखाली अनेक वर्षे निर्बंध होते. राज्य सरकारने २०२१ मध्ये संकलन, साठवणूक व वाहतुकीवरील हे निर्बंध शिथिल केले. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली दारूबंदीही २०२१ मध्येच उठली. गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी कायम आहे. म्हणून लाडू व सरबत वैध असले, तरी मोह आंबविणे हा गुन्हाच ठरतो. फुलांचा साठा, खरेदी-विक्री आणि तयार मालाची नोंद वहीत ठेवली, तर विचारणा झाल्यास उत्तर हाताशी राहते.

भांडवलाचा प्रश्न

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान योजनेत कर्जाशी निगडित ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि बचत गटाच्या प्रत्येक सदस्यामागे ४० हजार रुपयांचे बीजभांडवल अशी तरतूद करण्यात आली. सध्या अर्ज स्वीकारले जात आहेत किंवा कसे, याची खात्री जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात करून घ्यावी.

शहरी ग्राहकाचेही यात काम आहे. प्रदर्शनात मोहाचे लाडू घेताना पाकिटावरील १४ अंकी क्रमांक पाहावा. नसल्यास माल नाकारून पुढे जाण्याऐवजी नोंदणीची वाट दाखवावी. नोंदणीअभावी शहराची बाजारपेठ बंद राहिली, तर मोहफुले पुन्हा पोत्यातच भरली जातील.