लिफ्टमधल्या गप्पा

आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. सगळे मोबाइलमध्ये, नाहीतर वरच्या आकड्यांकडे बघत उभे. म्हणूनच असेल, पण 'मास इफेक्ट' म्हटलं की मला त्यातल्या लढाया नाही, लिफ्ट आठवते!

बायोवेअर या कॅनडातल्या कंपनीचा हा गेम २००७ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर आणि २००८ मध्ये पीसीवर आला. मी तेव्हा नोकरीत नवा. रूमवर तिघं पार्टनर आणि धड चालणारा कॉम्प्युटर एकच. त्यामुळे माझी पाळी रात्री अकरानंतर.

गोष्ट २१८३ सालची. तुम्ही कमांडर शेपर्ड. पुरुष की बाई, ते तुम्हीच ठरवायचं. 'नॉर्मंडी' हे जहाज आणि दिमतीला माणसं आणि परग्रहवासी. फितूर झालेल्या सारेनला गाठायचं आहे.

सही काय?

बोलणं! समोरच्याशी गोडीत वागायचं की दमात घ्यायचं, हे तुमच्या हातात. गोळ्या संपत नाहीत, पण बंदूक तापते आणि ऐन वेळी थंड व्हायची वाट बघावी लागते. शेपर्डबाईंना जेनिफर हेलने दिलेला आवाज तर क्लासच.

डोकं कुठे फिरतं?

'माको' ही सहा चाकांची गाडी डोंगरावर रबरी चेंडूसारखी उड्या मारते. साइड मिशन्समध्ये त्याच त्या खोल्या पुन्हा पुन्हा. सामानाची मर्यादा दीडशे. ती भरली की एकेक बंदूक मोडीत काढत बसा. आपण निवडतो साधं वाक्य आणि शेपर्ड बोलतो भलतंच तिखट!

आणि लिफ्ट. लोडिंग लपवण्यासाठी ती इतकी हळू की चहा करून यावं. पण त्याच लिफ्टमध्ये बरोबरचे दोघं गप्पा मारतात. गॅरस आणि रेक्स यांच्या जमातींचं जुनं वैर, त्यामुळे टोमणे ठरलेले. गेमचा दोष तोच, गंमतही तीच.

(गेम जुना आहे, म्हणून पुढचं सांगतो. खेळायचा असेल तर हा भाग सोडा.)

विरमायर या ग्रहावर अ‍ॅशली आणि कायडन दोन ठिकाणी अडकतात. वाचवता येतं एकालाच. मी कायडनला कधी मिशनवर नेलंच नव्हतं, त्याच्याशी धड बोललोही नव्हतो. क्षणात अ‍ॅशलीचं नाव घेतलं. नंतर जहाजावर त्याची जागा रिकामी दिसली आणि चुकचुकल्यासारखं झालं. २०१० च्या दुसऱ्या भागात जुना सेव्ह नेता येतो. तिथेही तो मेलेलाच.

२००९ च्या मंदीत लीडने मला बाजूला घेतलं. "दोघांपैकी एकालाच ठेवायचंय. तुझं मत?" एकाबरोबर मी रोज चहाला जायचो. दुसऱ्याशी वर्षभरात कामापलीकडे चार वाक्यंही झाली नव्हती. ओठांवर आलेलं नाव गिळलं. म्हटलं, "उद्या सांगतो." त्या संध्याकाळी दुसऱ्याला टपरीवर नेलं. नंतर निर्णय वरच्यांनीच घेतला आणि गेला तोच. पण ओळख नाही म्हणून मी त्याचं नाव पुढे केलं नाही, एवढं समाधान.

२०२१ मध्ये तिन्ही भागांची 'लेजेंडरी एडिशन' आली. माको बरीच सुधारली, लिफ्टही वेगवान झाली. घाई असेल तर बटण दाबून गप्पा टाळता येतात.

मी नाही टाळत.

आमचं रेटिंग
कथा आणि पात्रं: ५ पैकी ५
अ‍ॅक्शन: ५ पैकी ३
माको (जुनी): ५ पैकी १
कुणी खेळावा: लिफ्टमध्ये मोबाइल खिशात ठेवायची तयारी असलेल्यांनी